मोठ्याने वाचायला जागा हवी

लायब्ररीत बोलायचं नसतं, म्हणूनच तिथले किस्से साठत जातात. इतर ठिकाणी गंमत झाली की माणूस तिथल्या तिथे हसून, ओरडून, शेजारच्याला कोपर मारून मोकळा होतो. लायब्ररीत ओठ दाबायचे, पोट धरायचं आणि बाहेर येऊन सांगायचं. बाहेर येईपर्यंत आत दुसरी गंमत झालेली असते! असं करत करत आमच्याकडे एमएच्या दोन वर्षांत इतका साठा झालाय की कोणी नुसतं "कुठली लायब्ररी बरी?" असं विचारलं, तरी आम्ही तिघं एकदम सुरू होतो.

तिघं म्हणजे मी गौरी, हडपसरची. रोज दोन बस बदलून विद्यापीठात यायचे, त्यामुळे अर्धं शिक्षण बसमध्ये झालं. दुसरा सुगत, वर्ध्याचा. पथनाट्यं करून कमावलेला आवाज. तो हळू बोलतो तेव्हा शेजारच्या वर्गात कळतं, मोठ्याने बोलतो तेव्हा वर्ध्याला. आणि तिसरी मुग्धा, कर्वेनगरची. मुग्धाला जन्मापासून दिसत नाही. पहिल्याच दिवशी वर्गात मी तिच्या मागच्या बाकावर बसले, तर मान न वळवता म्हणाली, "मला दिसत नाही, पण ऐकू फार येतं. तेव्हा माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर पुढे येऊन बस, म्हणजे मलाही भाग घेता येईल."

मी पुढे जाऊन बसले. आजतागायत तिथेच आहे.

आम्हा तिघांचा विषय इतिहास. मुग्धाने प्रबंधासाठी निवडले पुण्यातले जुने हौद. कात्रजच्या तळ्यातून जमिनीखालच्या नळाने पेठांमध्ये पाणी यायचं आणि ते ज्या हौदांत साठायचं, ते. कोणी बांधले, कोण पाणी भरायचं, कोणी बुजवले. विषय झकास! पण त्याची पुस्तकं विद्यापीठात चारी दिशांना. एक मुख्य लायब्ररीत, दुसरं भूगोल विभागात, तिसरं चक्क संस्कृतमध्ये. बहुतेक जुनी, त्यामुळे घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची. आणि मुग्धासाठी वाचायची म्हणजे मोठ्याने वाचायची.

लायब्ररीत. मोठ्याने!

इथून पुढे आमची विद्यापीठ-परिक्रमा सुरू झाली.

*

सुरुवात मुख्य लायब्ररीपासून. तिथे न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक छान खोली आहे. कॉम्प्युटर, हेडफोन, पुस्तक स्कॅन करून वाचून दाखवणारं मशीन. आम्हाला वाटलं, चला, सुटलो! मुग्धा नवी पुस्तकं त्या मशीनवर धडाधड ऐकायची. तिचा स्पीड इतका, की मला ते नुसतं डास गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं.

पण हे पुस्तक जुनं होतं. पिवळं पडलेलं, अक्षरं झिजलेली, कानामात्रा कुठे आहेत, कुठे गळून गेलेत. मशीनने बिचाऱ्याने प्रयत्न केला. आम्हालाही ऐकता यावं म्हणून मुग्धाने हेडफोन काढून स्पीकर लावला होता.

मशीन गंभीर आवाजात म्हणालं, "पेशव्यांच्या काळात येथे मोठा हौद भांडला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मशीन पुढे म्हणालं, "नंतर त्याच्या शेजारी दुसरा हौद भांडला."

मुग्धा शांतपणे म्हणाली, "पुण्याचे हौद आहेत. भांडणारच."

सुगत हसला. सुगतचा आवाज कसा आहे, ते मी वर सांगितलंच आहे. दारातून एक बाई आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हसायला कॅन्टीन आहे. दहा वाजताच उघडतं."

दुसऱ्या दिवसापासून वाचायचं काम आमच्याकडे आलं. मला मुग्धाने एका पानातच नापास केलं. "गौरे, तू वाचतेस ना, तेव्हा दर वाक्यानंतर मला वाटतं, आता 'पुढील स्थानक गाडीतळ' म्हणणार." मग सुगतने वाचायचं, मी पुस्तकं शोधायची आणि मुग्धाने फोनवर सगळं रेकॉर्ड करायचं, असं ठरलं. आता फक्त सुगतच्या आवाजाला पुरेल अशी जागा हवी होती.

*

कोणीतरी सांगितलं, गणिताच्या लायब्ररीत जा, तिथे कधीच कोणी नसतं. गेलो. दार ढकललं. आत आठ-दहा माणसं! पण इतकी शांत, की मलाही आधी ती कपाटंच वाटली.

आम्ही कोपऱ्यात बसलो. सुगत अगदी कुजबुजत वाचायला लागला. दोन ओळी झाल्या असतील, मुग्धाने त्याचा हात दाबला.

"थांब. इथे माणसं आहेत का?"

"आहेत," मी कानात सांगितलं. "आठ-दहा."

"मग पानं उलटल्याचा आवाज का येत नाही?"

मी नीट बघितलं. खरंच की! प्रत्येकासमोर पुस्तक उघडं, प्रत्येकाची नजर पानावर आणि कोणीही पान उलटत नव्हतं. "सगळे एकेका पानावरच आहेत," मी म्हणाले.

"कधीपासून?"

आमच्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी पुस्तकातून डोकं वर न काढता उत्तर दिलं.

"जानेवारीपासून."

बाहेर जून संपत आला होता. आम्ही चपला हातात घेऊन बाहेर पडलो. त्यांची लिंक तुटली असती तर पुन्हा जानेवारीपासून सुरू करावं लागलं असतं त्यांना!

*

मग मॅनेजमेंटची लायब्ररी. तिचं काय सांगू! काचेच्या भिंती, एसी, रंगीत पफ, कॉफीचं मशीन. पुस्तकंही आहेत, पण ती फर्निचरला मॅचिंग. आणि तिथे, अहो, चक्क बोलायला खोल्या आहेत! 'डिस्कशन रूम'. दार लावलं की आतलं बाहेर ऐकू येत नाही. आम्हाला ते बघूनच भरून आलं.

बुकिंगसाठी टॅब घेऊन एक एमबीएची मुलगी बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "टीमचं नाव?"

मी काही बोलायच्या आत सुगत म्हणाला, "हौद."

"हौद... ओके, नाइस. ब्रँड नेम आहे का? स्टार्टअप?"

"हो."

"कुठल्या स्पेसमध्ये?"

"पाणीपुरवठा."

"वॉव. फंडिंग मिळालंय?"

"पेशव्यांचं," मुग्धा म्हणाली.

मुलीने टॅबवर काहीतरी टाइप केलं, मग म्हणाली, "मुंबईचे का ते?"

रूम मिळाली! आम्ही आत जाऊन दार लावलं, सुगतने पोटातून आवाज काढून पहिला परिच्छेद वाचला, आणि इतक्या दिवसांनी मुग्धा खुर्चीत मागे टेकून नुसती हसत बसली. तीन दिवस आम्ही तिथे राजासारखे वाचत होतो. चौथ्या दिवशी टॅबवाली मुलगी दारात उभी. तिचा चेहरा नुसता फुललेला.

"तुमच्याबद्दल मी आमच्या सरांना सांगितलं. त्यांना तुमचं मॉडेल खूप आवडलं. शुक्रवारी इन्व्हेस्टर्स येणार आहेत. पाच मिनिटांत प्रेझेंट कराल ना?"

त्या खोलीत आम्ही परत गेलो नाही. पण सुगत अजून म्हणतो, "जायला पाह्यजे होतं बे. आज आपला हौद असता."

*

संस्कृत विभागाच्या लायब्ररीत आम्ही घाबरतच शिरलो. जलाशय कसे बांधावेत यावरच्या एका जुन्या ग्रंथाचं मराठी भाषांतर तिथे होतं. टेबलाशी बसलेल्या मॅडम वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला, पातळ करड्या रंगाचं. मी अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, आपली हरकत नसेल तर आम्ही इथे थोडं... म्हणजे हळू आवाजात... मोठ्याने वाचू का?"

मॅडमनी चष्मा लावून आमच्याकडे बघितलं.

"इथे मोठ्यानेच वाचतात. मनातल्या मनात वाचायचं असेल तर बाहेर कट्टा आहे."

आम्ही आतमध्ये बघितलं. खरंच! एका टेबलावर दोन मुली तालात काहीतरी म्हणत होत्या, खिडकीपाशी एक जण एकटाच हातवारे करत म्हणत होता. स्वर्गच की! सुगतने बाह्या सरसावल्या आणि खणखणीत सुरुवात केली.

तिसऱ्या वाक्याला मॅडम आल्या. "पानी नाही. पाणी."

"सॉरी मॅडम," सुगत म्हणाला आणि पुढे गेला. पण तो वेगात वाचायला लागला की घरची जीभ येते. पुन्हा "पानी" आलं.

"पाणी. ण. जीभ वर न्या."

त्याने नेली. अर्धं पान झालं. मग ग्रंथात एक ओळ अशी आली की तिच्यात तो शब्द तीनदा होता. त्याने तिन्ही वेळा "पानी" म्हटलं. मॅडम पुन्हा उभ्या.

सुगतने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. वर्ध्याहून पुण्यात आल्यापासून हे त्याला किती जणांनी ऐकवलं होतं, ते आम्हाला माहीत होतं. दर वेळी तो हसून सोडून द्यायचा. त्या दिवशी तो हसला नाही. मुग्धाचा चेहरा त्याच्या दिशेने वळला. तालात म्हणणाऱ्या मुलीही थांबल्या.

सुगत म्हणाला, आणि कोणी न सांगता पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पानी म्हटलं तरी तहान भागते."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही लायब्ररीसुद्धा गेली. त्या वळल्या, आपल्या टेबलाशी गेल्या, खालची पिशवी उघडली आणि स्टीलची बाटली घेऊन परत आल्या. झाकण काढून त्याच्यासमोर धरली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पानी."

*

आता भूगोल. भूगोल विभागाच्या लायब्ररीवर आमचं सगळ्यात जास्त प्रेम, कारण सगळ्यात मोठं घबाड तिथे होतं. जुन्या काळातल्या कुणा एका इंजिनियर साहेबाने लिहिलेला, हौद बुजवण्याबद्दलचा जाडजूड मराठी अहवाल! त्याची दुसरी प्रत कुठे असल्याचं आम्हाला तरी माहीत नाही. तिथले ग्रंथपाल सबनीस सर म्हणजे नियमाचे पक्के. अहवाल हातात देताना त्यांनी सांगितलं, "फोटो काढायचा नाही, झेरॉक्स नाही, पान ओलं बोट लावून उलटायचं नाही. शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंकायचं."

"आणि मोठ्याने वाचलं तर?" मुग्धाने विचारलं.

"त्याबद्दल नियम नाही," सर विचारात पडून म्हणाले. "कोणी वाचलंच नाही कधी."

अहवालात नकाशा होता. नकाशा मोठ्याने कसा वाचणार? मी प्रयत्न केला. "हे बघ, डावीकडे नदी..."

"माझ्या डावीकडे की पुण्याच्या?"

शेवटी सुगतने खिशातून खारे शेंगदाणे काढले आणि इयरफोनची वायर काढली. वायर म्हणजे कात्रजहून येणारा नळ. तो त्याने टेबलावर वळणं देऊन लावला आणि जिथे जिथे हौद, तिथे तिथे एक शेंगदाणा. मुग्धाने हलक्या बोटांनी अख्खं पुणं चाचपलं. काय चेहरा झाला होता तिचा! इतके दिवस जे नुसतं नाव होतं, ते तिला बोटाखाली सापडत होतं. "हा बुधवारातला ना? आणि हा त्याच्या इतक्या जवळ? मग या दोघांमध्ये पाण्यासाठी स्पर्धा असणार!" ती भराभर बोलत होती, मी भराभर लिहून घेत होते. मग तिचं बोट एका जागी थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

"गौरे, शनिवार पेठेत हौद होता ना आत्ता?"

मी बघितलं. नव्हता. मी सुगतकडे बघितलं. त्याचा जबडा हलायचा थांबला.

"सुगत," मुग्धा म्हणाली, "हौद कुठे गेला?"

"खाल्ला."

मुग्धाने उसासा टाकला. "लिहून घे गौरे. शनिवारातला हौद असाच नाहीसा झाला. अधिकाऱ्यांनी खाल्ला."

*

आता जो किस्सा सांगते, तो आम्ही हसत सांगत नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचा सांगता येत नाही.

प्रबंध लिहून झाला. मुग्धाच्या तिसऱ्या प्रकरणाचं नावच एका वाक्यावरून होतं. त्या अहवालात एका ठिकाणी पेठेतले लोक साहेबाला सुनावतात: "हौदाला नावं ठेवू नका, पाणी तुमच्या बापाचं नाही." वाक्य असं जबरदस्त, की सगळं प्रकरण त्यावर उभं होतं.

आमच्या गाईड सरांनी शुक्रवारी दुपारी बोलावलं. सुगत बाहेर बाकावर बसला, आम्ही दोघी आत.

"वाक्य फार सुंदर आहे," सर म्हणाले. "म्हणूनच शंका आली. असल्या अहवालात इतकं चांगलं कोणी लिहीत नाही. कुठल्या पानावर आहे?"

मुग्धाला पान माहीत नव्हतं, पण रेकॉर्डिंग होतं. तिने आत्मविश्वासाने फोन काढला आणि लावला. सुगतचा आवाज खोलीत घुमला. डास, दुर्गंधी, खर्च, मग आवाज चढवून ते वाक्य. दाराबाहेर बाक करकरलं. सुगत दारात येऊन उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "ते अहवालात नाही. ते माझं आहे."

मुग्धाने रेकॉर्डिंग बंद केलं.

"एवढा जाड अहवाल, आणि त्यात एकही माणूस बोलत नाही, सर. नुसते डास अन् खर्च. मी मध्येच गमतीनं टाकलं. मला वाटलं, मुग्धाला कळलंच असेल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारी सकाळी प्रत बाइंडिंगला जायला हवी. त्याआधी अहवालातला तो भाग पुन्हा वाचा. ओळ न ओळ. नाहीतर हे प्रकरण काढून टाका." मग म्हणाले, "आणि ते काढलं, तर प्रबंधात राहतं काय, हा प्रश्न आहे."

आम्ही बाहेर आलो. रागावली की मुग्धा टोमणे मारते, त्याची आम्हाला सवय होती. त्या दिवशी टोमणा नव्हता.

"मला कसं कळायचं, सुगत?" ती म्हणाली. "तू गंमत करतोस तेव्हा गौरी तुझा चेहरा बघते. माझ्याकडे तुझा फक्त आवाज आहे."

 

*

शनिवारी सकाळी आम्ही तिघं भूगोल विभागात पोचलो, तर दारात छोटा हत्ती उभा! तोच तो, चार चाकांचा लहान टेम्पो. त्यात खचाखच खोके. लायब्ररी नव्या इमारतीत हलवत होते. आत कपाटं रिकामी, जमिनीवर सुतळीचे तुकडे, आणि सबनीस सर हातात मार्कर घेऊन शेवटच्या खोक्यावर नंबर टाकत होते.

"अहवाल?" मी धापा टाकत विचारलं.

"भरला. गाडीत गेला."

"सर, आम्हाला आजच हवा होता हो! सोमवारी प्रबंध द्यायचाय."

"नव्या इमारतीत रॅक यायचेत अजून. खोके एकदा आत गेले की दिवाळीनंतरच उघडणार."

मुग्धा पुढे झाली. "सर, आम्ही आत्ता इथेच उभ्याने वाचतो. एकच भाग आहे."

"लायब्ररीबाहेर तो अहवाल वाचायला द्यायचा नियम नाही." सरांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण नियम तो नियम.

मुग्धाने एक क्षण विचार केला.

"सर, पण लायब्ररी आत्ता कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आत तर काही उरलं नाही. सगळी पुस्तकं टेम्पोत आहेत. म्हणजे आत्ता लायब्ररी टेम्पोत आहे. आम्ही लायब्ररीत बसून वाचतो."

सबनीस सरांनी टेम्पोकडे बघितलं. रिकाम्या खोलीकडे बघितलं. पुन्हा टेम्पोकडे बघितलं. मी माझ्या आयुष्यात इतका प्रामाणिकपणे विचार करणारा माणूस बघितलेला नाही! शेवटी त्यांनी स्वतः वर चढून सुतळी सोडली, अहवाल काढला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

"बसा," ते म्हणाले. "गाडी नव्या इमारतीपाशी पोचेपर्यंत. पण शांतता राखा." आणि स्कूटर काढून पुढे गेले.

आम्ही मागे खोक्यांवर बसलो. मुग्धाने फोन सुरू केला. "गौरे, तू ओळीवर बोट ठेव. सुगत, तू वाच. जे आहे तेच."

सुगतने मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "हो."

टेम्पोवाले मामा पान थुंकून गाडीत बसले. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळे सुगतचा आवाज थेट त्यांच्या मानेवर. गाडी निघाली. सुगत वाचायला लागला. नाटक नाही, चढउतार नाही. एकेक शब्द ठेवल्यासारखा. माझं बोट त्याच्या आवाजाबरोबर सरकत होतं. स्पीडब्रेकर आला की बोट उडायचं, आवाज थांबायचा, बोट पुन्हा ओळीवर आलं की आवाज सुरू. डास, दुर्गंधी, खर्च. पानांमागून पानं. वडाच्या पारंब्या डोक्यावरून जात होत्या. रस्ता संपत आला होता आणि भाग संपत नव्हता.

"पोचलो का?" मुग्धाने हळूच विचारलं.

मी वर बघितलं. नवी इमारत आली. दारात सबनीस सरांची स्कूटर उभी होती. मामांनी गिअर बदलला. इमारत गेली.

"गेली," मी म्हणाले.

"काय गेली?"

"इमारत. मागे गेली."

  गाडी मैदानाला वळसा घालून पुन्हा झाडीत शिरली. सुगत वाचत होता. ते पान आलं. माझं बोट त्या ओळींवर पोचलं, जिथे त्याने आपलं वाक्य घुसवलं होतं. तो पुढची ओळ वाचायला लागला. मागच्या वेळी आपलं वाक्य टाकताना त्याने ती गाळली होती, या वेळी गाळली नाही.

"सबब सदरहू हौद बुजवावेत. या कामी पेठेतील रहिवाशांचे म्हणणे घेण्याचे कारण पडले नाही."

सुगत थांबला. मुग्धाचा फोन धरलेला हात तसाच हवेत.

"हे आहे तिथे?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "माझं बोट आहे त्यावर."

मुग्धाच्या चेहऱ्यावर जे काय आलं ना! ती सुगतच्या आवाजाच्या दिशेने वळली, काही बोलणार, तेवढ्यात गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मामांचा फोन वाजला. सबनीस सरांचा आवाज आम्हाला मागेपर्यंत ऐकू आला. "अहो, टेम्पो कुठे आहे?"

"ट्रॅफिकमध्ये अडकलोय साहेब," मामा म्हणाले.

समोर सरळ, मोकळा रस्ता. त्यावर एक कुत्रं झोपलेलं.

"विद्यापीठाच्या आत कसला ट्रॅफिक?"

मामांनी फोन स्टिअरिंगपाशी नेला आणि मोकळ्या रस्त्याकडे बघत तीनदा जोरात हॉर्न वाजवला. कुत्रं उठून बाजूला झालं.

"ऐकलंत का? लई जाम हाय," ते म्हणाले. फोन बंद केला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग खिडकीतून मान मागे वळवली.

"वाचा," मामा सुगतला म्हणाले. "त्यो साहेब म्हनतो ना, लोकांचं म्हननं घ्यायचं कारन पडलं न्हाई... तितनं वाचा परत."